आहे तशीच आहे का?

दोन फाइली शेजारी शेजारी ठेवल्या. नाव एक, आकार एक, तारीखही एकच. उघडून पाहिल्या तर दोन्हींत तेच पान, तीच मोडी अक्षरं, कोपऱ्यातला शाईचा डागही तोच. एवढं सगळं जुळूनही या दोन फाइली तंतोतंत एक आहेत असं मी म्हणणार नाही. २० एमबीचा फोटो म्हणजे साधारण १६ कोटी बिट, म्हणजे शून्य किंवा एक. त्यातल्या एखाद्या शून्याचा एक झाला तर फाइलचा आकार तेवढाच राहतो आणि डोळ्याला बहुतेक वेळा काही कळत नाही. कधी मात्र तोच एक बिट अशा जागी फिरतो की जेपेगमध्ये तिथून खालचं सगळं चित्र राखाडी होऊन बसतं. कुठला बिट फिरेल हे आपल्या हातात नाही. फिरलाय का, हे वेळेवर कळणं मात्र आहे, आणि त्यासाठी टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला टंकून आज्ञा देण्याच्या खिडकीत, एक ओळ लिहावी लागते.

या एका ओळीची मला ओढ लागली ती आजोळच्या वह्यांमुळे. पंचवटीत माझ्या मामांचं घर तीर्थोपाध्यायांचं. रामकुंडावर विधीसाठी येणाऱ्या यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत: गाव, आडनाव, कोण कुणाचा मुलगा, कुणाच्या अस्थी घेऊन कोण आलं, आणि खाली आलेल्या माणसाच्या हातची सही. जुनी पानं मोडीत, नंतरची बाळबोधीत. नाशिक-त्र्यंबकच्या अशा वह्यांत आपल्या खापरपणजोबांची सही सापडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं बोट त्या सहीवरून हलत नाही.

गोदावरीला पूर आला की नाशिककर पहिल्यांदा विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये या प्रश्नाचं उत्तर ऐकून मामांकडे सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. वह्या माडीवर होत्या, त्यांना काही झालं नाही. पण त्यानंतर घरात ठरलं की प्रत्येक पानाचा फोटो काढायचा. आता फोटोंची एक प्रत मामांकडे आहे, एक माझ्याकडे गंगापूर रोडला, एक पुण्यात मामेभावाकडे. पूर तिन्ही ठिकाणी एकदम यायचा नाही.

इथवर सगळे येतात. घराघरांत लग्नाचे फोटो, आजीचं रेकॉर्डिंग, जमिनीचे कागद स्कॅन करून दोन-तीन ठिकाणी ठेवलेले असतात. प्रती केल्या की जबाबदारी संपली असं वाटतं. त्या प्रती शाबूत आहेत का, हे सहसा कुणी विचारत नाही. डिस्क जुनी होते, केबल सैल असते, रॅममध्ये दोष असतो, स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर लिहिलेली क्षमता खरीच नसते. यातलं काहीही घडलं तरी कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश येऊ शकतो. नंतर तीच बिघडलेली प्रत आपण पुढच्या डिस्कवर चढवतो, जुनी डिस्क पुसतो, आणि चांगलं पान कायमचं जातं. कागदाला वाळवी लागली तर भुगा दिसतो. इथे काहीच दिसत नाही.

तर ती ओळ. लिनक्स चालणाऱ्या संगणकावर शा२५६सम (sha256sum) लिहायचं, पुढे जागा सोडून फाइलचं नाव द्यायचं, एंटर दाबायचं. समोर ६४ अक्षरांची एक माळ येते: शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही सहा अक्षरं, दुसरं काही नाही. तिच्यामागे फाइलचं नाव. ही त्या फाइलची शा-२५६ हॅश, म्हणजे तिच्या आतल्या सगळ्या बाइटांवरून गणिताने काढलेली ओळखखूण. बोलताना सगळे तिला चेकसमच म्हणतात. अख्ख्या फोल्डरची यादी हवी असेल तर फाइलच्या नावाऐवजी तारा (*) काढायचा आणि उत्तर पडद्यावर न दाखवता एका मजकूर फाइलीत वळवायचं. ही यादी फोटो काढले त्याच दिवशी करायची. महिनाभराने केलेली यादी महिनाभरात जे बिघडलं त्यालाच खरं मानून बसते. पुढे केव्हाही शा२५६सम डॅश सी लिहून त्या यादीचं नाव दिलं की संगणक एकेक फाइल पुन्हा वाचतो, माळ नव्याने काढतो, यादीतल्याशी ताडतो आणि नावापुढे ओके लिहितो. न जुळली तर फेल्ड. डॅश डॅश क्वाएट जोडलं तर ओकेंची गर्दी टळते, फक्त न जुळलेली नावं दिसतात.

मॅकवर हेच काम शासम डॅश ए २५६ करतं. विंडोजवर सर्टयुटिलला डॅश हॅशफाइल सांगायचं, पुढे फाइलचं नाव आणि शेवटी शा२५६. किंवा पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश, ते काही न सांगता शा-२५६ च काढतं. पॉवरशेल अक्षरं मोठ्या लिपीत छापतं, लिनक्स लहान. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही, किंमत तीच. मात्र ई३बी०सी४४२ ने सुरू होणारी माळ दिसली तर थांबावं. ती रिकाम्या फाइलची माळ आहे. नाव आहे, आत शून्य बाइट.

फाइलचं नाव या हिशेबात येत नाही, हेही सांगायला हवं. नाव बदला, फोल्डर बदला, माळ तीच राहते. उलट फोटो पाहताना नुसता फिरवून सेव्ह केला, त्यात तारीख किंवा स्थळाची माहिती भरली, की आतले बाइट बदलले आणि माळही बदलली. व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवलेलं पान पलीकडे पोचतं ते दाबून लहान केलेलं असतं; ते दिसायला पान असलं तरी ती फाइल वेगळी. म्हणून मामेभावाला मी पानं कधी तशी पाठवत नाही.

देवळालीचं नाव घेतल्याशिवाय मला या माळेचं आतलं गणित सांगता येत नाही. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत गणित शिकवायचे. १९०५ साली डहाणूला जन्म, १९८६ साली निधन, आणि हयातभर आकड्यांचा ध्यास. १९४९ मध्ये त्यांना सापडलेला ६१७४ हा स्थिरांक जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. सिंहस्थाचं साल घेऊ, २०२७. ७२२० वजा ०२२७, उरले ६९९३. ९९६३ वजा ३६९९, ६२६४. ६६४२ वजा २४६६, ४१७६. ७६४१ वजा १४६७, ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथेच येऊन थांबते.

हॅशला याच्या नेमकं उलट हवं असतं. सगळ्या वाटा एकाच ठिकाणी गेल्या तर कोण कुठून निघालं हे कळणार कसं? शा-२५६ फाइलचे ५१२ बिटांचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकडा ६४ फेऱ्यांतून घुसळतं आणि त्याचा परिणाम पुढच्या तुकड्यात मिसळतं. सुरुवातीला एक बिट जरी वेगळा असला तरी शेवटी २५६ पैकी सुमारे निम्मे बिट उलटलेले असतात. दोन जवळजवळ सारख्या पानांच्या माळा म्हणूनच एकमेकींशी काहीही नातं नसल्यासारख्या दिसतात. मला यातली आणखी एक गोष्ट फार आवडते. घुसळताना वापरायचे ठरावीक आकडे कुणी मनाने निवडलेले नाहीत. सुरुवातीचे आठ आकडे पहिल्या आठ मूळ संख्यांच्या वर्गमुळांतून घेतले आहेत आणि फेऱ्यांचे ६४ आकडे पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांतून. कुणीही वही-पेन घेऊन पडताळावं. ज्या गोष्टीवर विश्वास ठेवायला सांगायचं, तिची अशी उघड झडती घेता यायलाच हवी.

कापरेकरांचा आणखी एक खेळ इथे उपयोगी पडतो. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. ९१ मध्ये १० मिळवले, १०१. आता १०० घ्या, अंकांची बेरीज १, पुन्हा १०१. दोन वेगळ्या संख्या, एकच उत्तर. आणि २० हे उत्तर कुठल्याच संख्येपासून येत नाही. अशा संख्यांना ते स्वयंभू म्हणत, आणि जगात त्यांना देवळाली संख्या असंही नाव आहे. हॅशच्या दुनियेत दोन वेगळ्या फाइलींना एकच माळ मिळाली तर तिला टक्कर म्हणतात. फाइली अमर्याद आणि माळा मोजक्या, त्यामुळे टकरी असणारच. प्रश्न असतो तो कुणाला त्या मुद्दाम घडवता येतील का.

रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये रचलेल्या एमडी५ या जुन्या हॅशपद्धतीत अशा टकरी घडवता आल्या. तिची माळ १२८ बिटांची, ३२ अक्षरांची. २००४ मध्ये श्याओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच माळेच्या दोन वेगळ्या फाइली दाखवल्या. आज साध्या लॅपटॉपवर हे काही सेकंदांत होतं. पुढे १६० बिटांच्या शा-१ ची पाळी आली. फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गूगलने दोन पीडीएफ जाहीर केल्या, दिसायला वेगळ्या, शा-१ एकच. त्यासाठी ९ वर १८ शून्यं एवढ्या वेळा हॅश काढावी लागली होती, पण निघाली. शा-२५६ ची अशी एकही जोडी आजवर कुणाला सापडलेली नाही.

मग एमडी५ टाकून द्यायची का? डिस्क बिघडली का एवढंच पाहायचं असेल तर ती अजूनही काम करते, कारण डिस्क कपट करत नाही. ज्या कागदावरून उद्या दोन माणसं भांडू शकतील तिथे मात्र शा-२५६ च वापरावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ (४) खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात हॅश आणि ती कुठल्या पद्धतीने काढली हे लिहायचं असतं. पर्यायांत शा१, शा२५६, एमडी५ तिन्ही आहेत. माझ्या ओळखीच्या वकिलांना मी आग्रहाने सांगते, मधल्यावर खूण करा.

मामा सुरुवातीला म्हणायचे, "अगं, फोटो दिसतायत की सगळे. मग परत काय तपासतेस?"

"दिसतायत ते ठीक आहे, मामा. काढले होते तेच आहेत का, ते बघतेय."

त्यावर त्यांनी जे विचारलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. "आणि आजोबांनीच नाव चुकीचं लिहिलं असेल तर? ते सांगेल का तुझं हे?"

नाही सांगणार. चेकसम जुळला म्हणजे यादी केली त्या दिवशी फाइल जशी होती तशीच आज आहे, एवढंच. त्या दिवशी ती बरोबर होती का, कुणी आधीच हात फिरवला होता का, हे त्याच्या पलीकडचं. आणि यादीचंही तेच. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंट या लिनक्सच्याच एका प्रकाराच्या संकेतस्थळात घुसून कुणीतरी डाउनलोडची वाट भलत्याच, चोरदरवाजा ठेवलेल्या फाइलीकडे वळवली होती. ज्याच्या हातात पान आलं त्याला त्याच पानावरची माळही बदलता येते. म्हणून नीट चालणारे प्रकल्प यादीवर जीपीजी या सॉफ्टवेअरने डिजिटल सही करतात, आणि ती सही कुणाची हे वेगळ्या वाटेने ताडून पाहावं लागतं. साखळी शेवटी एखाद्या माणसापर्यंत, संस्थेपर्यंत जाते, जिच्या शब्दावर आपण विसंबतो. टर्मिनल तो विश्वास निर्माण करत नाही. माणसाने दिलेला शब्द वाटेत बदलला नाही, एवढं ते पाहतं.

शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उठवत, ती मजकूर इथे संपला हे दाखवायला. तिच्याखाली कुणाला ओळ घुसडता येऊ नये. शा-२५६ सुद्धा घुसळण्याआधी मजकुराच्या शेवटी एक खूण करतं आणि मजकूर किती बिटांचा होता तो आकडा जोडतं. हे वाचलं तेव्हा त्या मोर्तबाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. पण पत्रातला मजकूर खरा की खोटा, हे त्या मुद्रेनेही सांगितलं नसतं; पत्र कुणाचं, यावर ते अवलंबून.

मामांच्या घरची एक रीत आहे. जुनी नोंद खोडायची नाही. चूक सापडली तर खाली दुरुस्ती लिहायची, तारीख घालायची, सांगणाऱ्याची सही घ्यायची. फोटोंच्या यादीलाही आम्ही तीच रीत लावली. एखादं पान धूसर आलं म्हणून पुन्हा काढलं तर त्याला नवं नाव, नवी माळ, नवी ओळ. जुना फोटो आणि जुनी ओळ तशीच राहते.

एकदा पुण्याची प्रत तपासताना एका फोटोपुढे फेल्ड आलं. पडद्यावर तो फोटो ठणठणीत दिसत होता. मामांकडच्या प्रतीतली तीच फाइल ओके होती, ती पुन्हा चढवली आणि प्रश्न मिटला. पण बाकी सगळी डिस्क संशयित झाली, आणि महिन्याभरात तिने आणखी फाइली गमावल्या. तो एक फेल्ड आला नसता तर ती डिस्क मरेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता.

इथे एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. फाइली चढवल्या चढवल्या लगेच तपासलं तर संगणक अनेकदा डिस्कवरून वाचतच नाही. नुकतंच मेमरीत होतं तेच परत वाचून ओके म्हणतो. डिस्क रीतसर बाहेर काढायची, पुन्हा लावायची आणि मग तपासायचं. वेळ लागतो. लागू द्यावा.

आता मोडीच्या लिप्यंतराचं काम सुरू आहे, आणि तिथे मराठीचा स्वतःचा एक पेच आहे. 'पुजाऱ्याचा' हा शब्द घ्या. त्यातला ऱ एकच चिन्ह म्हणून टंकता येतो, किंवा र टंकून त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे. काही जण तिसऱ्याच पद्धतीने, पाय मोडलेल्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून तेच रूप आणतात. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, त्यामुळे तीन जणांनी टंकलेला तोच शब्द बाइटांच्या हिशेबात तीन निराळे शब्द होतात आणि माळाही तीन. विंडोजच्या नोटपॅडमधून आलेल्या ओळीच्या शेवटी दोन चिन्हं असतात, लिनक्सवर एक, त्यानेही तेच. फाइलीचं नाव देवनागरीत असेल आणि एका संगणकाने ऱ फोडून लिहिला, दुसऱ्याने जोडून, तर तपासताना फाइल सापडत नाही म्हणून उत्तर येतं, जरी ती डोळ्यांसमोर असली तरी. आम्ही फाइलींना आकड्यांची नावं दिली आहेत आणि कुठल्या गावची वही कुठल्या आकड्यात हे वेगळ्या तक्त्यात ठेवलं आहे. मजकूर मात्र मराठीतच असणार, म्हणून एकाच रूपात टंकायचं असं लिप्यंतर करणाऱ्यांत ठरलं. बाइट जुळण्यासाठी तेवढी शिस्त पाळावी लागते.

शेवटी राहते यादीचीच काळजी. तिच्यात हजारो ओळी आहेत, ती बिघडली तर सगळंच अधांतरी. म्हणून त्या यादीची स्वतःची एक माळ काढली, कागदावर छापली, आणि तो कागद मामांनी चालू वहीच्या पहिल्या पानाला चिकटवला. पुण्याची प्रत तपासायची असेल तेव्हा मामेभाऊ आपल्याकडच्या यादीची माळ काढतो आणि फोन लावतो. मामी वही उघडून चार-चार अक्षरांचे गट वाचतात, एकूण १६ गट. फोनवर बी, सी, डी, ई सगळी सारखीच ऐकू येतात, म्हणून मामी बडोद्याचा बी आणि डहाणूचा डी म्हणतात. सिंहस्थात दूरदूरचे यजमान येतील, वह्या रोज उघडतील, नव्या नोंदी होतील आणि नवे फोटो निघतील. त्याआधी तिन्ही प्रती एकदा शेवटपर्यंत तपासून घ्यायच्या आहेत. पुण्याच्या डिस्कपासून सुरुवात केली आहे.